गाडी जोर घेईना? पंप बदलण्याआधी कप्लर आणि वायर तपासा

बेळगाव : निपाणीजवळचा तवंदी घाट असो की बेळगावजवळचा वंटमुरी घाट, भरलेला ट्रक चढणीला लागतो आणि अर्ध्यावर इंजिनचा दिवा पेटतो. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की थोडं अंतर चालते, पुन्हा तेच. शेवटी जवळच्या गॅरेजमध्ये जो संवाद होतो तो राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच्या बहुतेक ड्रायव्हरांना पाठ असेल.

“मिस्त्री, गाडी जोरच घेईना झालीय ओ.”

“स्कॅनर लावून बघितलासा काय अण्णा?”

“लावला की. पंपाचा कोड आलाय म्हणाले. पंपच बदला म्हणाले.”

“पंपाचा कोड आला” एवढ्या बोलण्यावर गाडीमालकाचा मोठा खर्च ठरतो. अनेकदा तो खर्च चुकीच्या जागी होतो. पंप बदलला जातो, गाडी दोन दिवस नीट चालते आणि पुढच्या घाटात पुन्हा उभी राहते. कारण दोष पंपात नसून त्याला हुकूम देणाऱ्या भागात, त्याच्या कप्लरमध्ये किंवा वायरमध्ये असतो.

पंपाला हुकूम कोण देतो?

जुन्या ट्रकचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक होता. किती डिझेल सोडायचं हे आतली वजनं, स्प्रिंगा आणि रॅक ठरवायचे. बिघाड डोळ्यांना दिसायचा, कानांना कळायचा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर चित्र पालटलं. आता डिझेल ट्रकमध्ये कॉमन रेल पद्धत असते. हाय प्रेशर पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि तिथून ते इंजेक्टरांना जातं.

या पंपात किती डिझेल आत घ्यायचं हे मीटरिंग युनिट ठरवतं. पंपावरच बसवलेला हा विजेवर चालणारा लहानसा व्हॉल्व्ह. घरातल्या नळाची तोटी समजा, फक्त ही तोटी ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, सेकंदाला कितीतरी वेळा वीज चालू-बंद करून फिरवतो. रेलवरचा सेन्सर दाब सांगतो, ईसीएम तोटी कमी-जास्त करतो. इंजिन सुरू होताना साधारण दोनशे बार दाब लागतो. भार असताना तो दीड हजार बारच्याही पुढे जातो.

पेट्रोल गाड्यांत टाकीतल्या विजेच्या पंपासाठी काही कंपन्या वेगळं कंट्रोल मॉड्यूल देतात. डिझेल ट्रकात पंपावर लगाम ठेवण्याचं काम ईसीएम आणि मीटरिंग युनिट मिळून करतात. तपासणीचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच : आधी वीज आणि वायर, मग पार्ट.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

स्कॅनरवर पी००८७ आला तर अर्थ एवढाच की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. पी००८८ म्हणजे दाब जास्त आहे. हे परिणाम झाले, कारण नव्हे. दाब कमी असण्यामागे चोंदलेला फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, डिझेलमधलं पाणी, गळका इंजेक्टर, खोटं सांगणारा सेन्सर, मीटरिंग युनिट किंवा पंप यांपैकी काहीही असू शकतं.

पी०६२७, पी०६२८, पी०६२९ हे कोड पंपाच्या कंट्रोल सर्किटबद्दल असतात. सर्किट तुटलं आहे, व्होल्टेज कमी आहे किंवा जास्त आहे, असं ते सांगतात. इथे मीटर घेऊन वायरमागे जायचं असतं, पाना घेऊन पंपामागे नव्हे. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात, म्हणून कोडचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तकातच बघावा.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा. बिघाड झाला तेव्हा आरपीएम, रेलचा दाब, बॅटरीचं व्होल्टेज किती होतं याची नोंदही अनेक गाड्यांत कोडसोबत राहते. कोड पुसला की ती नोंदही जाते आणि पुढच्या मिस्त्रीला अंधारात चाचपडावं लागतं.

तपासणीचा क्रम

पहिलं डिझेल. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, फिल्टर कधी बदलला ते बघा. हॅण्डपंप मारताना हवा येत राहिली तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी पाइप हवा ओढतोय.

दुसरं कप्लर. मीटरिंग युनिटचं कप्लर काढून आत बघा. पिनांवर हिरवट गंज, ओल, डिझेल, सैल झालेली पिन यातलं काही दिसलं तर बिघाड तिथंच असण्याची शक्यता मोठी. गोव्याच्या, कोकणच्या खाऱ्या दमट हवेत फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारतात, तेही कप्लरमध्ये शिरतं.

तिसरं वायर. इंजिनच्या हादऱ्याने हार्नेस ब्रॅकेटवर घासून आतली तार उघडी पडते. इंजिन चालू असताना वायर हलक्या हाताने हलवून आवाज बदलतो का बघावा. मीटरवर पूर्ण व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं समजू नये. आतली एकच तार शाबूत असली तरी कप्लर काढलेल्या अवस्थेत मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, भार आला की दगा देतो. तपासण्यासाठी वायरच्या प्लॅस्टिकमध्ये सुई टोचणं टाळावं. त्याच भोकातून पावसाळ्यात पाणी जातं.

चौथं अर्थिंग आणि बॅटरी. सैल अर्थ पट्टी आणि बॅटरीचे गंजलेले टर्मिनल ईसीएमला वेड लावतात. मोठा ट्रक २४ व्होल्टचा, लहान पिकअप १२ व्होल्टची. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली जात असेल तर बाकीची तपासणी त्यानंतर.

पाचवी पायरी मीटरिंग युनिटची. कॉइलचा रोध मोजका काही ओहम असतो, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. सर्किट उघडं किंवा शॉर्ट दाखवलं तर युनिट गेलं. रोध बरोबर असूनही आतला व्हॉल्व्ह घाणीने किंवा गंजाने अडकू शकतो. त्यासाठी स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी बघावे लागतात.

एवढं करूनही दोष पंपाकडेच बोट दाखवत असेल, तर मग पंप.

बदलताना घ्यायची काळजी

बीएस-६ गाडीत किल्ली बंद केल्यावर युरियाचा पंप पाइपातला युरिया परत टाकीत ओढतो. त्यामुळे बॅटरीचा कट ऑफ लगेच पाडू नये, काही मिनिटं थांबावं. तोवर रेलचा दाबही उतरतो.

पंपाचा बाहेरचा भाग आधी धुऊन-पुसून कोरडा करावा. धुळीचा एक कण आत गेला तरी इंजेक्टरपर्यंत पोचतो. जुना ओ-रिंग पुन्हा वापरू नये, नव्याला स्वच्छ डिझेल लावून बसवावा. स्क्रू लहान असतात, ते सारखे आणि सांगितलेल्या टॉर्कवरच आवळावेत.

पार्ट नंबर जुळवून घ्यावा. दिसायला एकसारखी दोन युनिटं कामाला उलटी असू शकतात. एक वीज नसताना उघडं राहतं, दुसरं बंद. बसवल्यावर हॅण्डपंपने हवा काढावी. बऱ्याच गाड्यांत ईसीएमला नवीन युनिटची ओळख स्कॅनरमधून करून द्यावी लागते. हे राहिलं तर नवा पार्ट असूनही गाडी हिसके देते आणि दोष पार्टवर येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन चालू असताना रेलची नळी किंवा इंजेक्टरचं नट कधीही सैल करायचं नाही, गळती हाताने चाचपायची नाही. जुन्या गाडीत हवा काढायला नट ढिला करायची सवय होती, ती इथे हात घालवू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर पट्टी बांधून घरी न जाता लगेच मोठं हॉस्पिटल गाठावं आणि जोराच्या दाबाचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

बिल आणि हक्क

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काही उघडू नये. वॉरंटी संपली असेल तर कामाआधी तीन गोष्टी मागाव्यात : स्कॅनचा रिपोर्ट, वायर तपासल्याची नोंद आणि पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल. काढलेला जुना पार्टही परत घ्यावा.

गाडी बिघडते कोल्हापुरात किंवा गोव्यात, मालक राहतो बेळगावात, मग तक्रार कुठे करायची? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. त्यासाठी राज्याची सीमा ओलांडून खेटे घालायची गरज नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानलं आहे. अर्थात हातात कागद असेल तरच.

एक दिवस गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा भत्ता थांबत नाही, माल घेणाऱ्याचा फोन थांबत नाही. त्या घाईतच “बदला पंप” असं तोंडातून निघतं. कप्लर काढून बघायला आणि मीटर लावायला मात्र फार वेळ लागत नाही. पुढच्या वेळी कुणी पंपाचा कोड आला म्हणालं, तर “मिस्त्री, आधी वायर बघितलासा काय?” एवढं विचारायला विसरू नये.