कोनमापकाची परीक्षा

घराच्या गच्चीवरील खोलीत किंवा मोटारीच्या रिकाम्या जागेत ज्यांनी हौसेने लहानशी कर्मशाळा थाटली आहे, त्यांच्या मेजावर गुण्या, रंधा आणि पटाशी यांच्या जोडीला अलीकडे सुमारे 60 मिलिमीटर बाजूचा, तळाशी चुंबक बसवलेला आणि दर्शनी अंगावर आकडे दाखवणारा एक चौकोनी डबा येऊन स्थिरावला आहे. गोल करवतीचे पाते किती कलले आहे, ड्रिलचे मेज समतल आहे की नाही, रंध्याचे पाते धारेच्या दगडाशी कोणता कोन करते, या प्रश्नांचा निकाल पूर्वी गुण्याच्या आणि अनुभवी नजरेच्या साक्षीने लागत असे. आता हा डिजिटल कोनमापक दशांश अंशापर्यंतचा आकडा तत्काळ पुढे करतो. त्या आकड्यावर किती विसंबावे याची शहानिशा मात्र कारागिराने स्वतः केली पाहिजे, आणि माझ्या मते या उपकरणाचे खरे वैभव हेच आहे की ती शहानिशा घरबसल्या, याहून श्रेष्ठ दुसरे कोणतेही उपकरण हाती नसताना, पूर्णपणे करता येते.

डब्याच्या अंतर्भागी सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो, आणि त्याला फुटलेले दाते शेजारच्या स्थिर दात्यांच्या मधोमध राहतात. डबा कलला की गुरुत्वाकर्षणाने तो भार किंचित सरकतो, दात्यांमधील अंतर पालटते, त्यासरशी विद्युत्धारिता बदलते आणि त्या बदलावरून कोनाचा हिशेब होतो. अशी त्वरणमापके 1990 च्या दशकाच्या आरंभी मोटारींतील सुरक्षा-पिशव्या अपघातसमयी फुगवण्यासाठी व्यापारी प्रमाणावर निघाली, आणि पुढे मोबाइल फोनांमुळे अत्यंत स्वस्त झाली. एकाच दिशेने मोजणारा संवेदक नव्वद अंशांच्या आसपास मंदावतो, कारण तेथे अंशभर कलण्याने गुरुत्वाचा घटक जेमतेम बदलतो. म्हणून परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांचे घटक घेऊन त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढण्याची तजवीज केलेली असते. या रचनेतून एक मर्यादाही ओघानेच येते. क्षितिजसमांतर प्रतलात जे फिरते, उदाहरणार्थ करवतीच्या मेजावरील मायटर गेज, त्याचा कोन या उपकरणाला कळणेच शक्य नाही, कारण त्या फिरण्याने गुरुत्वाच्या दिशेत काही फरक पडत नाही.

करवतीवर कोनमापकाचा उपयोग करताना प्रथम यंत्राचा प्लग काढून ठेवावा. मग डबा मेजावर, पात्याच्या प्रतलाशी काटकोनात, म्हणजे ज्या दिशेने पाते कलणार त्याच दिशेने ठेवून शून्याचे बटण दाबावे, म्हणजे मेज स्वतः थोडे कललेले असले तरी पुढचा आकडा मेजाच्या सापेक्ष मिळतो. त्यानंतर डबा पात्याच्या सपाट पोलादावर लावावा. दाते पत्र्याहून जाड असतात, तेव्हा त्यांच्यावर त्याचा कोपरा चढू देऊ नये. तो पात्यावर सरळ उभा असणेही फार महत्त्वाचे आहे. पाते पंचेचाळीस अंशांत कललेले असताना डबा पाच अंशांनी वाकडा चिकटला, तर वाचन दशांश अंशाहून अधिक चुकते, आणि दहा अंशांनी वाकडा चिकटला तर ही चूक जवळजवळ अर्ध्या अंशावर जाते.

तळाच्या स्वच्छतेकडे हौशी मंडळींचे बहुधा दुर्लक्ष होते, ते का होऊ नये याचा पुरावा साध्या कागदाने मिळतो. लिहिण्याच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. त्याची अरुंद पट्टी डब्याच्या एका कडेखाली सरकवली की साठ मिलिमीटरच्या तळावर तिच्यामुळे होणारा कोन जवळपास बरोबर 0.1 अंश भरतो. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा एखादा कीसही तेवढाच जाड असतो, म्हणजे शेवटचा अंक गढूळ करण्यास तो एकटा समर्थ आहे. शिवाय अशा अनेक मापकांची अचूकता उत्पादक 0.2 अंशाच्या आत-बाहेर सांगतात. पडद्यावर दिसणारा दशांश आणि भरवशाचा दशांश यांत हे अंतर आहे.

एवढ्याशा अंतराने काय बिघडते, असे ज्यांना वाटेल त्यांनी अष्टकोनी कुंडी करून पाहावी. तिच्या आठ फळ्यांना सोळा तिरके छेद द्यावे लागतात, प्रत्येक साडेबावीस अंशांचा. प्रत्येक छेदात एकाच बाजूला दशांश अंशाची चूक झाली तर शेवटच्या सांध्यावर 1.6 अंश साचतात, आणि फळी वीस मिलिमीटर जाड असेल तर तो सांधा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक उघडा राहतो.

या सर्वांची रुजवात घेण्याचा मार्ग म्हणजे उलटवून पाहणे. निरपेक्ष वाचन देणारा मापक समतलशा पृष्ठावर ठेवून आकडा टिपावा, जागा तीच ठेवून त्याला 180 अंशांत फिरवावे आणि दुसरा आकडा टिपावा. पृष्ठाचा उतार एकदा अधिक आणि एकदा उणा धरला जात असल्याने दोन्ही आकड्यांच्या चिन्हांसह केलेल्या बेरजेचे अर्ध म्हणजे मापकाचा स्वतःचा दोष. काटकोनासाठी तर मापकही नको. नव्वद अंशांवर लावलेल्या करवतीने सरळ कडेची फळी कापावी, एक तुकडा पालथा करावा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून छेद परस्परांना भिडवावे. राहिलेली फट पात्याच्या चुकीच्या दुप्पट असते. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये विद्वत्सभेपुढे मांडलेल्या तीन पृष्ठे आलटून-पालटून एकमेकांशी ताडून खरवडण्याच्या पद्धतीचा आत्माही हाच होता, आणि कोणाही सुताराला ती युक्ती परकी वाटणार नाही.

आता फेरफारांविषयी. बटण-सेल वारंवार संपण्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. दीड व्होल्टचा बटण-सेल सुमारे 150 मिलिअँपिअर-तास पुरतो, तर तेवढ्याच दाबाचा पेन्सिल-सेलचा धाकटा भाऊ, ज्याला दुकानात एएए म्हणतात, हजाराच्या आसपास पुरतो. तेव्हा मूळ सेलच्या संपर्कपट्ट्यांना तारा जोडून बाहेर लहानशी सेलपेटी बसवणे हा साधा आणि गुणकारी फेरफार आहे. सेल तीन व्होल्टचा असेल तर दोन एएए एकसरीत जोडावे. डाख सेलला कदापि देऊ नये, पट्ट्यांनाच द्यावा. आणि पेटी डब्याच्या पाठीवर अशी असावी की तिचा किंवा तारेचा कोणताही भाग तळाखाली येणार नाही.

दुसरा फेरफार लांब पायाचा. अॅल्युमिनियमची 150 मिलिमीटरची सरळ पट्टी घेऊन तिच्यात मापकाच्या चुंबकांसमोर पोलादी चकत्या बसवाव्या, म्हणजे डबा हवा तेव्हा चढवता-उतरवता येतो. पाया लांब झाल्याने कागदाएवढ्या कचऱ्याचा परिणाम 0.04 अंशापर्यंत उतरतो. पट्टीच्या खालच्या अंगाला निओडायमियमची चुंबके लावायची असतील तर ती पृष्ठापासून केसभर खोल बसवून इपॉक्सीने चिकटवावी, तापवू नयेत; 80 अंश सेल्सिअसच्या पुढे साधी निओडायमियम चुंबके क्षीण होतात. सागाची पट्टी करण्याचा मोह होईल, पण कोकणातल्या पावसाळ्यात कोणतेही लाकूड आपले माप पाळत नाही. करवतीच्या पात्यावर हा पाया मावत नाही; ड्रिलच्या आणि जॉइंटरच्या मेजांना तो उत्तम.

फेरफार झाल्यावर मापकाची परीक्षा पुन्हा घेतलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी तीस अंशांचा कोन सर्वांत सोयीचा, कारण त्याची ज्या (साइन) बरोबर अर्धी असते. सरळ पट्टीला 300 मिलिमीटर अंतरावर दोन समान गोल दांडे आडवे बसवावे, एकाखाली 150 मिलिमीटर उंचीचा ठोकळा ठेवावा आणि समतल मेजावर शून्य केलेला मापक पट्टीवर लावावा. ठोकळ्याची उंची 0.2 मिलिमीटरने चुकली तरी कोन 0.05 अंशाहून कमी ढळतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्यांनी मापक तासभर तेथे ठेवून, त्याने खोलीचे तापमान घेतल्यावरच हे करावे, आणि काढलेला दोष चिन्हासह, दिनांक घालून, डब्याच्या पाठीवर चिठ्ठीने चिकटवावा.