भट्टीची देवी आणि मूर्खांचा दिवस

मिरजेहून आत्यानं पाठवलेली पिशवी परातीत रिकामी केली, तेव्हा ते गहू आहेत हे पटेचना. सगळं टरफलातलं, साळीसारखं, वर कुसळं. बाजारात मिळते ती खपली सोललेली असते. ही मी मुद्दाम तशीच मागवली होती. एका टरफलात दोन दाणे, आणि टरफल जखमेवरच्या खपलीइतकं चिवट. नखानं पहिला दाणा सुटेपर्यंत नखाखाली कूस गेलं ते वेगळंच.

हा सगळा खटाटोप रोमसाठी. प्राचीन रोमन ज्या धान्याला ‘फार’ म्हणत, ती हीच खपली. त्यांची रोजची लापशी तिचीच, आणि खानदानी पात्रिशियन घराण्यांत लग्न लागे तेही खपलीच्या भाकरीच्या साक्षीनं. पण टरफल त्यांनाही सुटत नव्हतं. मग आधी भाजायचं आणि नंतर कांडायचं. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की भाजलेलीच खपली देवाला चालेल असा दंडक नुमा राजानं घातला आणि भाजण्याचा सणही त्यानंच लावून दिला. सणाचं नाव फोर्नाकालिया. लॅटिनमध्ये भट्टीला फोर्नाक्स म्हणतात. देवीचं नावही तेच.

मी तवा ठेवला. आई दारातूनच म्हणाली, “तवा काढ. जाड बुडाची कढई घे, आणि हात थांबवू नकोस.”

हात थांबला. बेल वाजली, कुरिअरवाला होता, सही करून येईपर्यंत पहिला घाणा करपला. कढईबाहेर उडालेल्या कुसळांनी बर्नरवर भुरभुर पेट घेतला आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. रोमन कवी ओव्हिडनं ‘फास्ती’ या काव्यात लिहिलंय, की जुन्या काळी अडाणी शेतकरी भाजायला जात आणि दाण्यांऐवजी काळी राख झाडून काढत. कधी तर झोपडीच पेटे. म्हणून भट्टीची देवी केली आणि आच बेतात ठेव असं तिला साकडं घातलं. वाचताना ही मला पुराणातली वांगी वाटली होती. ओट्यावरची काजळी पुसताना वाटेना.

दुसऱ्या घाण्याला आच मंद ठेवली. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग खरपूस. पण वासावर जाऊ नये, कान द्यावा. दाणे कढईला लागताना दबका आवाज येतो तोवर टरफल ओलं. तो कोरडा, खडखडीत झाला की उतरवायचं. आता टरफल चिमटीत चुरतं. उखळात मुसळ घालताना जोर लावला की दाणाही फुटतो, म्हणून आई म्हणाली तसं नुसतं मुसळाच्या वजनानं कांडत राहिले. पाखडायचं काम तिचं, मला सूप धरता येत नाही. दुपारभरात तीन वाट्या दाणे निघाले.

रोममध्ये हेच काम वेस्टा देवीच्या कुमारिकाही करत. त्यांतल्या तिघी वडीलधाऱ्या ७ ते १४ मे या काळात दिवसाआड ओंब्या खुडत. मग भाजणं, कांडणं, दळणं, सगळं त्यांच्याच हातचं. त्या पिठात मीठ कालवून बळीच्या पशूच्या डोक्यावर भुरभुरत.

फोर्नाकालिया मात्र गावजेवणासारखा. रोमचे लोक ३० क्युरियांत वाटलेले होते. क्युरिया म्हणजे आळी आणि भावकी यांच्या मधलं काहीतरी; प्रत्येकीचं आपलं सभागृह, आपला पुजारी. सणाला ठरलेली तारीख नसे. थोरला पुजारी, क्युरिओ मॅक्सिमस, दरवर्षी दिवस जाहीर करी आणि कुणी कुठे जमायचं याच्या पाट्या फोरमच्या चौकात टांगल्या जात. हे पद बराच काळ उच्चकुलीनांकडेच होतं. सामान्य प्लेबियन घरातला पहिला माणूस त्यावर बसला तो इ.स.पू. २०९ मध्ये, वादावादी होऊन. पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात डायोनिसियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं या क्युरियांतलं देवाचं पान स्वतः पाहिलं: जुनाट लाकडी मेजं, टोपल्या, मातीच्या ताटल्या, त्यांत जवाची भाकरी आणि खपली. बाहेर शहर संगमरवराचं होत होतं. त्याला त्या साधेपणाचं कौतुक वाटलं.

तोवर क्युरिया नावापुरत्याच उरल्या होत्या. त्यांची सभा भरे तेव्हा लोकांच्या जागी ३० शासकीय सेवक उभे राहत. साहजिकच, आपली क्युरिया कोणती हेच पुष्कळांना ठाऊक नसे. पाटीपुढे उभं राहून वाचणार काय? अशांसाठी शेवटचा दिवस राखून ठेवला होता, १७ फेब्रुवारी. त्याचं नावच मूर्खांचा सण. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते. मूर्ख म्हणायचं ते म्हटलंच, पण पान मांडून. कुणी गोत्र विचारलं की मी अजून आईकडे बघते, त्यामुळे मी कोणत्या तारखेला जेवले असते हे उघड आहे.

संध्याकाळी करपलेला घाणा केराच्या टोपलीत ओतायला निघाले तर आईनं हात धरला. “सगळं टाकू नकोस, निवडून बघ.” दोघी परातीभोवती बसलो. काळ्या ढिगातून एकोणीस दाणे चांगले निघाले.