आभासी चलन : प्रश्न एक, उत्तरे अनेक

बिटकॉइन आणि तत्सम आभासी चलनांचे नाव आता शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाही. मोबाइलच्या द्वारे ते खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. पतसंस्थेत ठेव ठेवणारा शेतकरी, निवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक, आखातात किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने पाठविलेल्या पैशावर घर चालविणारी माता, अशा सर्वांच्या कानी ते पडत असते. त्यांपैकी कोणी "हे कायदेशीर आहे काय?" असे चार जणांना विचारले, तर चार उत्तरे मिळतात. एक म्हणतो, त्यावर बंदी आहे. दुसरा म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठविली. तिसरा म्हणतो, सरकार त्यावर कर घेते, म्हणजे मान्यता आलीच. चौथा तर म्हणतो की, रिझर्व्ह बँकेनेच असे चलन काढले आहे.

विशेष हे की, या प्रत्येकाच्या बोलण्यामागे एखादी खरी घटना आहे. मात्र ती केव्हा घडली, कोणत्या वस्तूविषयी होती आणि तिचा अर्थ कोठवर पोहोचतो, हे सांगावयाचे राहून जाते. नवख्या माणसाला माहिती भरपूर मिळते. तिचा संदर्भ तेवढा मिळत नाही. त्याच्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

तारीख सुटलेली माहिती

रिझर्व्ह बँकेने आभासी चलनाच्या धोक्यांविषयी जनतेला पहिला जाहीर इशारा २४ डिसेंबर २०१३ रोजी दिला. पुढे ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकान्वये तिने बँकांना अशा चलनाच्या व्यवहारांस सेवा पुरविण्यास मनाई केली. ही मनाई बँकांना होती; चलन जवळ बाळगणाऱ्या नागरिकांस नव्हती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. त्यानंतरही काही बँका आपल्या ग्राहकांना त्याच परिपत्रकाचा हवाला देत राहिल्या. अखेर ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेस कळवावे लागले की, रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार बँकांनी यापुढे घेऊ नये. जेथे बँकांच्या दप्तरांतही जुनी माहिती वर्षभर टिकून राहिली, तेथे सामान्य माणसाचा गोंधळ उडाल्यास नवल नाही.

न्यायालयाच्या निर्णयाने बँकांवरील मनाई गेली. परंतु आभासी चलनास रुपयाचा दर्जा मिळाला नाही. दुकानदाराने ते स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन आपल्या देशात नाही.

कर आणि मान्यता

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर तीस टक्के दराने प्राप्तिकर लागू झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून ठरावीक मर्यादेपलीकडील व्यवहारांवर एक टक्का कर उगमस्थानी कापण्याची तरतूद अमलात आली. कर म्हणजे मान्यता नव्हे, हे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्येच संसदेत स्पष्ट केले होते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने या व्यवसायातील संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे आवश्यक झाले. ही नोंदणीदेखील गुंतवणूकदाराच्या पैशाची हमी नव्हे.

अर्धवट माहितीची किंमत कशी मोजावी लागते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका व्यक्तीस एका नाण्याच्या विक्रीत चाळीस हजार रुपये नफा झाला आणि दुसऱ्या नाण्याच्या विक्रीत तेवढाच तोटा झाला. तिच्या हिशेबी नफा शून्य. कायद्याने मात्र हा तोटा त्या नफ्यातून वजा करता येत नाही. चाळीस हजारांवर बारा हजार रुपये कर आणि त्यावरील उपकर भरावाच लागतो.

एक नाव, अनेक वस्तू

गोंधळाचे दुसरे कारण म्हणजे भिन्न वस्तू एकाच नावाने ओळखल्या जातात. बिटकॉइनची व्यवस्था जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या नियमांनुसार एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांहून अधिक होऊ शकत नाहीत. "आभासी चलन मर्यादित आहे" हे विधान बिटकॉइनपुरते खरे आहे. नवे नाणे मात्र कोणीही, कितीही संख्येने काढू शकतो. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया तर याहून सर्वस्वी निराळा. सामान्य जनतेसाठी त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झाला. तो आपला नेहमीचा रुपयाच असून केवळ त्याचे रूप डिजिटल आहे. त्याचे नाव पुढे करून कोणी अन्य नाणे विकू लागल्यास सावध व्हावे.

स्थळाचाही विचार केला पाहिजे. गोव्यातील अनेक कुटुंबांची माणसे आखाती देशांत आहेत. दुबईने २०२२ साली आभासी मालमत्तेसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आणि ते या व्यवसायास परवाने देते. उलट चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये असे सर्व व्यवहार बेकायदा ठरविले. दुबईहून मुलाने कळविलेली गोष्ट तेथे खरी असेल. येथील कायदा वेगळा आहे.

"सुरक्षित" या शब्दाचे दोन अर्थ

बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ब्लॉकचेन नामक वहीत होते. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची नोंद एका कार्यालयात असते. या वहीच्या प्रती मात्र जगभरातील हजारो संगणकांवर असतात. त्यामुळे एका ठिकाणी खाडाखोड करून जुनी नोंद बदलणे जवळपास अशक्य असते. या अर्थाने जाणकार तिला सुरक्षित म्हणतात.

परंतु वही शाबूत राहिली, तरी तिजोरीची किल्ली चोरीस जाऊ शकते. नाण्यांवरील ताबा एका गुप्त किल्लीवर अवलंबून असतो. ती हरवली, तर नवी देणारे कार्यालय नाही. बहुतेक नवखे लोक आपली नाणी खरेदीविक्री करून देणाऱ्या कंपनीच्याच स्वाधीन ठेवतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय कंपनीकडील सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. येथे तसे काही नाही. शिवाय भावाची चढउतार आहेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरांवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६,००० डॉलरांच्या आसपास उतरले.

सांगणाऱ्याचा लाभ

माहिती देणाऱ्याचा हेतूही पाहावा लागतो. ज्याच्याजवळ नाणी आहेत, त्याला नवे ग्राहक आल्यास भाव वाढण्याची आशा असते. ज्याला नवा सभासद आणल्याबद्दल दलाली मिळते, तो धोका सांगणार नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा दहा टक्के परतावा अठरा महिने देण्याचे आश्वासन होते. २०१८ साली पुणे पोलिसांनी त्या प्रकरणी मुख्य आरोपीस अटक केली. बिटकॉइन दिलेल्या लोकांना पुढे प्रवर्तकांनीच काढलेले कमी मोलाचे नाणे देण्यात आले, असे तपासातून पुढे आले. बिटकॉइनची नोंदवही तेव्हाही निर्दोष होती. लोकांना फसविले ते आश्वासनाने.

कोणते प्रश्न विचारावेत?

नवख्या माणसाने आभासी चलनाविषयीचे प्रत्येक विधान पुढील चार प्रश्नांवर तपासावे :

(१) ही गोष्ट कोणत्या तारखेची आहे? त्यानंतर नियम बदलला काय?

(२) ती नेमक्या कोणत्या नाण्याविषयी आणि कोणत्या देशाविषयी आहे?

(३) "कायदेशीर" किंवा "सुरक्षित" या शब्दाचा येथे अर्थ काय?

(४) मी पैसे गुंतविल्यास सांगणाऱ्यास काय मिळणार?

यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर न मिळाल्यास पैसे देऊ नयेत. निश्चित परताव्याचे आश्वासन मिळाल्यास तर पुढील चौकशीचीही गरज नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

गावात अशी योजना घेऊन येणारा बहुधा परका नसतो. तो ओळखीचा, कित्येकदा नात्यातला असतो आणि त्याचाही विश्वास प्रामाणिक असू शकतो. म्हणूनच त्यास नकार देणे जड जाते. अशा वेळी त्याच्यावर संशय न घेता हे चार प्रश्न त्याच्यासमोर मांडावेत. शिक्षकांनी पालकसभेत आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत या प्रश्नांची चर्चा घडवून आणल्यास कष्टाने साठविलेली पुंजी घरातच राहील आणि नात्यांतही कटुता येणार नाही.