दगडी वर्तुळांचा अर्थ

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तेथील माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे पसरलेली आहेत. प्रत्येक वर्तुळात माती व दगडगोट्यांचा बेताचा उंचवटा असून काही धोंड्यांवर लहान वाटीसारखे खळगे कोरलेले आढळतात. ही वर्तुळे कोणी व कशासाठी रचली?

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथे उत्खनन केले व १८७९ साली त्याविषयी लिहिले. आपल्या मायदेशातील दगडांवरही असेच खळगे असल्याचे पाहून तो चकित झाला आणि दोहोंच्या मुळाशी एकच परंपरा असावी, असे त्याला वाटले.

परंतु केवळ आकारावरून नाते ठरविणे धोक्याचे असते. इंग्लंडातील स्टोनहेंज या स्थळाचा वर्तुळाकार खंदक व मातीचा बांध सुमारे ५००० वर्षांपूर्वीचा आहे. जुन्या विद्वानांनी ते ड्रुइड पुरोहितांचे मंदिर मानले. पण ड्रुइडांचा उल्लेख सापडतो तो त्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी. प्रत्यक्ष उत्खननात तेथे दहन केलेल्या मानवी अस्थी मिळाल्या.

विदर्भातही खरे उत्तर मातीनेच दिले. टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मृद्भांडी आणि माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले. घोड्यांच्या मुखावर तांब्याचे अलंकार होते. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. ही वर्तुळे म्हणजे सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या, अश्व व लोह जाणणाऱ्या समाजाची मृतस्मारके होत. म्हणजे ती स्टोनहेंजच्या खंदकाहून निदान दोन हजार वर्षांनी अलीकडची ठरतात.

तमिळनाडूतही अशी दफनवर्तुळे आहेत. तेथे त्यांना ‘कल्वट्टम्’ म्हणतात. ‘कल्’ म्हणजे दगड, ‘वट्टम्’ म्हणजे वर्तुळ. कावेरीकाठी मेलकावेरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबास हा शब्द उमगावयास वेळ लागणार नाही.

खळग्यांचा अर्थ मात्र अद्याप उलगडलेला नाही. काही अभ्यासक त्यांच्या दिशांचा संबंध आकाशातील ताऱ्यांशी जोडू पाहतात. त्यासाठी प्रत्येक धोंडा मूळ जागी राहिला पाहिजे. बांधासाठी वा पायासाठी उचललेला दगड पुन्हा आणता येईल. पण तो ज्या दिशेकडे बोट दाखवीत होता, ती दिशा कायमची हरपते.