दहा सेंटांच्या नाण्यावरचे जहाज

१९३७ साली कॅनडाच्या टांकसाळीने दहा सेंटांचे नवे नाणे काढले. एका बाजूला राजा सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला सगळी शिडे फुगवून निघालेली दोन डोलकाठ्यांची स्कूनर. शिल्पकार इमॅन्युएल हान यांच्या डोळ्यांपुढे होती नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या लुनेनबर्गची ‘ब्लूनोज’. त्याच वर्षाच्या अखेरीस या ‘ब्लूनोज’चा कप्तान अँगस वॉल्टर्स लुनेनबर्गच्या धक्क्यावर मच्छीमारांच्या संपाचा पुढारी होता. मागणी एवढीच होती की माशाला पौंडामागे पाव सेंट जास्त मिळावा. ज्या जहाजाचे चित्र देशभर लोकांच्या खिशात खुळखुळत होते, त्याच्या बंदरातल्या खलाशांना त्या नाण्याचा चाळिसावा हिस्सा पदरात पाडून घ्यायला काम बंद ठेवावे लागले.

नोव्हा स्कोशियाच्या स्कूनरांविषयी बोलताना लोक नाण्याविषयी भरभरून बोलतात, पाव सेंटाविषयी क्वचितच. खरे तर त्या पाव सेंटाच्या हिशेबातूनच ही जहाजे जन्माला आली आणि त्याच हिशेबाने संपली.

लुनेनबर्ग हे मुळात मच्छीमारांचे गाव नव्हे. मिकमॅक आदिवासींच्या आणि फ्रेंच अकेडियन लोकांच्या वावरातल्या या खाडीकाठी १७५३ साली ब्रिटिशांनी सुमारे साडेचौदाशे माणसे आणून वसवली. त्यात जर्मन होते, स्विस होते, फ्रान्सच्या सीमेवरच्या माँबेलियारचे लोक होते. सगळे प्रोटेस्टंट आणि बहुतेक शेतकरी. समुद्राशी त्यांचा संबंध आला होता तो एवढाच की तो ओलांडून ते इथे पोचले होते. पुढच्या पिढ्यांनी रान तोडले, कोबी पिकवला, जळाऊ लाकूड हॅलिफॅक्सला नेऊन विकले. खोल समुद्रातल्या मासेमारीत गावाने खऱ्या अर्थाने उडी घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण एकदा घेतल्यावर मागे पाहिले नाही. शेतकऱ्याचा हिशेबीपणा आणि लाकूडतोड्याचा हात या दोन गोष्टी त्यांच्याकडे आधीपासून होत्या, त्या जहाजबांधणीला उपयोगी पडल्या.

मासेमारीला निघालेली स्कूनर स्वतः मासे पकडत नसे. ती होती वखार, खानावळ आणि मिठागार. तिच्या डेकवर ‘डोरी’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या एकीत एक बसवून ठेवलेल्या असत. समुद्रातल्या उथळ भागावर, म्हणजे ज्याला ते लोक ‘बँक’ म्हणतात तिथे पोचल्यावर, एकेका होडीत दोन-दोन माणसे उतरत. शेकडो गळ लावलेली लांबच लांब दोरी तळाशी सोडायची, काही वेळाने ती हाताने ओढून घ्यायची, लागलेला कॉड होडीत टाकायचा, गळांना पुन्हा आमिष लावायचे. होडी भरली की वल्ही मारत जहाजाकडे परतायचे. धुके उतरले तर जहाज दिसत नाही. मग शिंगाच्या आवाजावर भिस्त. कित्येक जोड्या अशा भरकटल्या. काही इतर जहाजांना सापडल्या, काही कुणालाच नाही.

परतल्यावर विश्रांती नसे. मासा चिरायचा, कणा काढायचा, मीठ लावून तळाच्या कोठीत थरावर थर रचायचे. हे काम रात्री उशिरापर्यंत चाले आणि पहाटे पुन्हा होड्या पाण्यात. मार्चमध्ये निघालेली जहाजे अधूनमधून माल उतरवायला येत, पण हंगाम संपायला सप्टेंबर उजाडे. किनाऱ्यावर मासा धुऊन उन्हात सुकवण्याचे काम बऱ्याच अंशी बायका-मुलांच्या अंगावर. वर्सोवा-अर्नाळ्याला बोंबील वलांडीवर टांगलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच की चिरलेला कॉड टांगत नाहीत, फांद्यांच्या बुटक्या मांडवांवर सपाट पसरतात आणि पावसाचा थेंब दिसला की धावत जाऊन गोळा करतात. सुकलेला मासा वेस्ट इंडीजला जाई. हलक्या प्रतीचा माल तिथल्या उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांच्या ताटात पडे. परतीच्या फेरीत जहाज मीठ, काकवी आणि रम घेऊन येई. त्याच मिठात पुढच्या हंगामाचा मासा मुरे.

पैशाची व्यवस्थाही याच घडणीची होती. ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाजाची मालकी चौसष्ट हिश्श्यांत वाटता येई आणि लुनेनबर्गात हे हिस्से सुतार, दुकानदार, कप्तान, विधवा अशा सगळ्यांकडे विखुरलेले असत. हंगामाअखेर खर्च वजा जाता साधारण निम्मे उत्पन्न जहाजाच्या मालकांना आणि निम्मे खलाशांना. पगार असा नव्हताच. मासा मिळाला तर वाटा, नाही तर दुकानदाराची उधारी पुढच्या वर्षावर. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे बरेच आहेत. मला त्यात गावाला बांधून ठेवणारी आपुलकी दिसते, तशी बुडण्याची जोखीम सगळ्यांत गरीब माणसावर ढकलणारी चलाखीही दिसते.

आता बांधणीविषयी. जहाजाचा आकार कागदावर काढण्याची पद्धत इथे उशिरा आली. कारागीर आधी लाकडाचे पातळ थर एकावर एक जोडून त्यातून जहाजाच्या एका बाजूचे छोटे प्रतिरूप कोरत. ते हातात घेऊन, बोटे फिरवून, डोळा लावून कप्तान सांगे की नाळ थोडी उंच हवी, पोट थोडे भरले पाहिजे. पसंत पडले की थर सुटे करून मापे घ्यायची आणि ती मोठी करून बरगड्यांचे साचे काढायचे. पठाण, म्हणजे तळाचा आडवा कणा, आधी मांडायचा आणि त्यावर बरगड्या उभ्या करायच्या. ओक, बर्च, स्प्रूस, पाइन हे लाकूड प्रांतातल्याच रानातले; उंच डोलकाठ्यांसाठी मात्र प्रशांत किनाऱ्यावरचे ओरेगॉन पाइन आणत. फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेले तंतू ठोकून बसवत. बरगड्यांमधल्या पोकळीत खडे मीठ भरत, लाकूड कुजू नये म्हणून.

एवढे करूनही ही जहाजे चिरकाल टिकावीत अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी जहाजे वेगळ्या जातीची. १८१५ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘वेलस्ली’ ही युद्धनौका १८४८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या उत्तर अमेरिका तळाची ध्वजनौका झाली. त्या तळाची ठाणी हॅलिफॅक्स आणि बर्म्यूडाला. म्हणजे लुनेनबर्गपासून एका दिवसाच्या अंतरावर मुंबईचे सागवान वावरत होते. ‘वेलस्ली’ अखेर बुडाली ती १९४० मध्ये, थेम्स नदीत, जर्मन बॉम्बमुळे. नोव्हा स्कोशियाच्या जहाजाला सव्वाशे वर्षांचे आयुष्य देणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. काही हंगामांत भांडवल वसूल झाले की पुरे. नंतर ती मालवाहू म्हणून विकून टाकायची आणि नवी बांधायची. कारागिरी टिकली ती जहाजे टिकली म्हणून नव्हे, सतत नवी लागत होती म्हणून.

१९२० साली न्यूयॉर्कजवळ ‘अमेरिकाज कप’ या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेतली एक शर्यत जोराचा वारा आहे म्हणून पुढे ढकलली गेली. वारा होता तेवीस नॉटचा. ‘ग्रँड बँक्स’ या उथळ समुद्रभागावरच्या मच्छीमारांना हसू आवरेना. हॅलिफॅक्सच्या ‘हेरल्ड’ वृत्तपत्राने लगेच खऱ्या मासेमारी जहाजांच्या शर्यतीसाठी चषक जाहीर केला. पहिल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरच्या ‘एस्पेरँटो’ने तो जिंकून नेला आणि नोव्हा स्कोशियाची झोप उडाली. नवे जहाज बांधायचे ठरले. आराखडा दिला विल्यम रूए याने. हा गृहस्थ हॅलिफॅक्सला घरच्या शीतपेयांच्या धंद्यात होता, जहाजांचे आराखडे काढणे ही त्याची हौस. बांधणी स्मिथ अँड रूलंड यांच्या लुनेनबर्गच्या गोदीत. खर्च सुमारे ३५ हजार डॉलर, शंभर-शंभर डॉलरचे समभाग विकून उभा केलेला.

२६ मार्च १९२१ रोजी ‘ब्लूनोज’ पाण्यात उतरली. लांबी १४३ फूट. नियमाप्रमाणे आधी मासेमारीचा हंगाम केला आणि ऑक्टोबरात ग्लॉस्टरच्या ‘एल्सी’ला हरवले. शर्यतीसाठी खास बांधलेल्या, मासे धरण्यापुरते नाटक करणाऱ्या जहाजांना मज्जाव होता. बॉस्टनची देखणी ‘मेफ्लॉवर’ याच कारणाने बाहेर ठेवली गेली. १९२२ मध्ये ‘हेन्री फोर्ड’ हरली. १९२३ ची ‘कोलंबिया’विरुद्धची मालिका मात्र भांडणात अडकली: बोय चुकीच्या बाजूने ओलांडला म्हणून दुसरी फेरी ‘ब्लूनोज’च्या हातून काढून घेण्यात आली आणि वॉल्टर्स तडक घरी निघून गेला. माणूस तिखट होता. ग्लॉस्टरकरांनी त्याला भांडखोर म्हटले, लुनेनबर्गकरांनी स्वाभिमानी. मला दोन्ही पटतात.

शर्यतींचे फोटो छापून येत होते त्याच काळात समुद्र आपला हिशेब करत होता. ऑगस्ट १९२६ च्या वादळात सेबल बेटाजवळ लुनेनबर्गच्या ‘सिल्व्हिया मोशर’ आणि ‘सेडी निकल’ सगळ्या माणसांसह गेल्या. पुढच्याच ऑगस्टात आणखी चार स्कूनर परतल्या नाहीत. वाळूच्या चंद्रकोरीसारखे हे बेट जहाजांना आधी दिसत नसे, दिसे तेव्हा उशीर झालेला असे. ‘ब्लूनोज’शी बरोबरी करू शकणारी ‘कोलंबिया’सुद्धा १९२७ च्या त्याच वादळात बावीस माणसांसह बुडाली. लुनेनबर्गच्या धक्क्याजवळ आज होकायंत्राच्या आकारात उभारलेले काळ्या ग्रॅनाइटचे खांब आहेत. त्यांवर समुद्रात गेलेल्यांची १८९० पासूनची नावे आहेत. एकाच आडनावाची माणसे ओळीने वाचताना शर्यतीचे निकाल डोक्यातून निघून जातात.

खाऱ्या माशाचा बाजार पडत चालला होता. गोठवलेला ताजा मासा लोकांना आवडू लागला, इंजिनावर चालणारे ट्रॉलर त्याच मापाने पुढे आले. अमेरिकेतल्या दारूबंदीने काही स्कूनरांना वेगळा धंदा दिला. लुनेनबर्गला बांधलेली ‘आय’म अलोन’ १९२९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात अमेरिकन तटरक्षकांनी तोफा डागून बुडवली. प्रकरण लवादाकडे गेले आणि १९३५ मध्ये अमेरिकेला कॅनडाची माफी मागून पंचवीस हजार डॉलर द्यावे लागले. दारू मात्र खरोखरच होती आणि मालकही प्रत्यक्षात अमेरिकनच निघाले.

१९३६ मध्ये ‘ब्लूनोज’वर डिझेल इंजिन बसवले आणि त्याचे कर्ज डोक्यावर आले. १९३८ मध्ये तिने शर्यतीत ‘गर्ट्रूड थेबो’ला शेवटचे हरवले. तेव्हा ती सतरा वर्षांची, म्हणजे मच्छीमार जहाजाच्या हिशेबाने म्हातारी झाली होती. कर्जापायी लिलावाची वेळ आली तेव्हा वॉल्टर्सने स्वतःचे पैसे घातले, पण १९४२ मध्ये ती वेस्ट इंडीजमधल्या मालवाहतुकीसाठी विकावीच लागली. जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकांवर तिचा कणा मोडला. वॉल्टर्स नंतर गावात दुधाचा धंदा करत होता.

डोरी घेऊन जाणाऱ्या लुनेनबर्गच्या शेवटच्या स्कूनरांपैकी १९३८ ची ‘थेरेसा कॉनर’ १९६३ मध्ये न्यूफाउंडलंडला खलाशी जमवायला गेली आणि पुरेशी माणसे न मिळाल्याने परतली. वादळ नाही, आग नाही; होडीत उतरायला कुणी तयारच झाले नाही. मला हा शेवट ‘ब्लूनोज’च्या शेवटापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आज ती लुनेनबर्गच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाच्या धक्क्याला बांधलेली आहे.

गोद्यांनी आपला मार्ग काढला. स्मिथ अँड रूलंडने १९६० मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटासाठी ‘बाउंटी’ बांधली. ती २०१२ च्या सँडी वादळात बुडाली. १९६३ मध्ये त्याच गोदीत, त्याच रूएच्या आराखड्यावरून ‘ब्लूनोज २’ झाली. पैसे ओलंड कुटुंबाच्या मद्यनिर्मिती कंपनीचे, ‘स्कूनर’ नावाच्या बिअरची जाहिरात म्हणून. म्हातारा वॉल्टर्स तिच्या पहिल्या सफरीला गेला होता. १९७१ मध्ये प्रांत सरकारने ती एका डॉलरला घेतली. १९९५ मध्ये जुन्या लुनेनबर्गला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले ते तिथल्या जहाजांसाठी नव्हे, तर ब्रिटिश वसाहतीच्या काटकोनी नगररचनेसाठी. त्याच्या तीनच वर्षे आधी, जुलै १९९२ मध्ये, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड पकडायला बंदी आली होती आणि पुढच्या वर्षी ती नोव्हा स्कोशियाच्या पाण्यापर्यंत पोचली. मासाच संपला होता.

२०१० मध्ये ‘ब्लूनोज २’ची ‘दुरुस्ती’ सुरू झाली. जुना सांगाडा मोडून नवा उभा केला गेला. ठरलेले जवळपास दीड कोटी डॉलरचे काम अडीच कोटींकडे गेले. आधुनिक नियमांसाठी बसवलेले पोलादी सुकाणू इतके जड निघाले की ते हाताने वळेना. हायड्रॉलिक यंत्रणा जोडावी लागली. २०१५ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी या सगळ्या कारभारावर कडक अहवाल दिला. १९२१ च्या मूळ जहाजाचा सगळा खर्च ३५ हजार डॉलर होता आणि ते सुकाणूच्या चाकाशी असलेला एकटा माणूस वळवत असे.