एकच व्हिटॅमिन, तीन उत्तरं: उतारवयात 'डी' घ्यावं का?

घरात ज्येष्ठ माणूस असेल तर व्हिटॅमिन डीचं 60,000 आययूचं पाकीट किंवा गोळी तुम्ही पाहिलीच असेल. डी घेतलं की हाडं मोडत नाहीत, असं आपण सहज म्हणतो. पण पेपर उघडले की 'हो', 'नाही' आणि 'उलट नुकसान' अशी तिन्ही उत्तरं मिळतात. मग खरं काय?

आधी हा विश्वास आला कुठून ते बघू. डीमुळे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. वय वाढलं की त्वचेत डी कमी तयार होतं, बाहेर पडणंही कमी होतं. शिवाय हाड मोडलेल्या वृद्धांच्या रक्तात डी अनेकदा कमी सापडतं. पण इथे थांबा. जो आधीच अशक्त आहे तो घरातच बसतो, म्हणून त्याला ऊन मिळत नाही. म्हणजे कमी डी हे अशक्तपणाचं कारण आहे की परिणाम? निरीक्षणावरून हे सुटत नाही, म्हणून रँडमाइज्ड ट्रायल लागते. असे तीन ट्रायल बघूया.

पहिला, फ्रान्स, 1992. वृद्धाश्रमांतल्या 3,270 स्त्रिया, सरासरी वय 84. रोज 800 आययू डी आणि सोबत 1.2 ग्रॅम कॅल्शियम. ज्यांनी 18 महिने पूर्ण केले त्यांच्यात खुब्याची फ्रॅक्चर 43 टक्क्यांनी कमी. उत्तर: हो. पण श्रेय डीचं की कॅल्शियमचं? या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही.

दुसरा, ऑस्ट्रेलिया, 2010. सत्तरी ओलांडलेल्या, फ्रॅक्चरचा धोका जास्त असलेल्या 2,256 स्त्रिया. रोज गोळी घ्यायला लोक विसरतात, म्हणून वर्षातून एकदाच 5,00,000 आययू. कल्पना सोयीची होती, पण प्लासिबोच्या तुलनेत पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि फ्रॅक्चरचं 26 टक्क्यांनी वाढलं. उत्तर: नुकसान.

तिसरा, अमेरिका, 'व्हायटल' ट्रायल. पन्नाशीपुढचे पुरुष आणि पंचावन्नपुढच्या स्त्रिया, एकूण 25,871. रोज 2,000 आययू, साधारण पाच वर्षं. फ्रॅक्चरचे निकाल 2022 मध्ये आले: काहीच फरक नाही. पण हे लोक डीची कमतरता बघून निवडलेले नव्हते. बहुतेकांच्या रक्तात डी आधीच पुरेसं होतं. भरलेल्या माठात पाणी ओतल्यावर पातळी ती काय वाढणार?

आता लक्षात येईल की हे तिघे भांडत नाहीयेत. त्यांनी प्रश्नच वेगवेगळे विचारलेत. म्हणून ट्रायल वाचताना निष्कर्षावर उडी मारण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहा: कोणाला दिलं, सुरुवातीची पातळी किती, डोस किती आणि किती अंतराने, सोबत आणखी काय, आणि मोजलं काय. रक्तातली डीची पातळी वाढणं आणि फ्रॅक्चर टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सहज साधते, दुसरी नाही.

एंडोक्राइन सोसायटीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही अशाच गट पाडून बोलतात. 75 च्या पुढे डी द्यावं असं त्या सुचवतात. 50 ते 74 वयाच्या निरोगी लोकांना रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त डी सरसकट देऊ नये. आणि द्यायचंच तर अधूनमधून मोठा डोस नको, रोजचा छोटा बरा.

एक महत्त्वाचं: कमतरता किंवा ऑस्टिओपोरोसिस असलेल्यांचे उपचार हा वेगळा विषय आहे. त्यामुळे हे वाचून आजीची औषधं बंद करायला जाऊ नका, ते डॉक्टरांनाच विचारा. तुमचं काम वेगळं आहे. 'डी उपयोगी आहे का?' असं कोणी विचारलं की उलट विचारायचं: कोणाला, किती आणि कशासाठी? तुमच्या सिनॉप्सिसमधल्या प्रश्नालाही हेच तीन शब्द लावून बघा.