तटस्थ मताचा अर्थ

ग्रामसभा असो की कामगारांची सभा, ठराव मांडला गेला की मताचे तीन मार्ग असतात : बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ. पहिल्या दोहोंचा अर्थ सांगावा लागत नाही. तिसऱ्याचा सांगावा लागतो. तटस्थ म्हणजे गैरहजर नव्हे. मनुष्य सभेत असतो, बोलतोही. फक्त ठरावाची जबाबदारी शिरावर घेत नाही. इस्रायल व पॅलेस्टाईन यांच्यातील रक्तपाताबाबत आपल्या सरकारने काय केले, हे समजण्यास हा तिसरा मार्ग नीट ओळखला पाहिजे.

आधी थोडा मागचा हिशेब. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध भारताने मत दिले. फाळणीचे चटके आपण त्याच वर्षी सोसत होतो. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९५३ मध्ये मुंबईत त्याची वकिलात उघडली. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे आपले मराठी बेने इस्रायली त्या देशी जाऊन वसू लागले होते. तरी पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडावे लागले. दरम्यान १९८८ मध्ये पॅलेस्टाईनच्या राज्यालाही आपण मान्यता दिली. दोन्ही घरांशी बोलणे ठेवायचे, असे हे धोरण.

त्याची कसोटी लागली २०२३ मध्ये. ७ ऑक्टोबरला हमासने हल्ला करून सुमारे १,२०० माणसे मारली व अडीचशेंच्या आसपास ओलीस नेली. आपल्या पंतप्रधानांनी त्याच दिवशी निषेध केला. तो योग्यच होता. पुढे गाझात बाँब पडू लागले. भारताने तेथे औषधे व मदत पाठवली, हेही योग्यच.

मग २७ ऑक्टोबरला आमसभेत युद्ध थांबवण्याचा ठराव आला. हमासच्या निषेधाची उपसूचना कॅनडाने मांडली; भारताने तिला मत दिले. तिला दोन तृतीयांश मते न मिळाल्याने ती पडली, आणि मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. हल्ल्याचा स्पष्ट निषेध ठरावात नाही, ही आपली तक्रार होती.

तक्रार खरी होती. पण १२ डिसेंबरला पुन्हा युद्धबंदीचा ठराव आला. त्यातही हमासचे नाव नव्हते, तरी भारताने बाजूने मत दिले. मधल्या दीड महिन्यात ठरावातली उणीव भरून निघाली नव्हती. प्रेते मात्र वाढली होती. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत आकडा सात हजारांवरून अठरा हजारांपलीकडे गेला होता. १२ जून २०२५ रोजी पुन्हा युद्धबंदीच्याच ठरावावर आपण तटस्थ राहिलो.

हा प्रश्न दूरचा नाही. ४ मार्च २०२४ रोजी लेबनॉनच्या सरहद्दीजवळ, इस्रायलमधील बागेत राबणारा केरळचा एक मजूर क्षेपणास्त्राने मेला. त्याच वर्षी सरकारी कराराने आपले बांधकाम मजूर त्या देशात रवाना झाले. युद्ध चालू असताना मजूर पाठवणाऱ्या देशाला युद्धबंदीबाबत तटस्थ कसे राहता येईल?

दोन्ही बाजूंशी मैत्री ठेवण्यात गैर काही नाही. परंतु निरपराध माणूस इस्रायली असो वा पॅलेस्टिनी, त्याचा जीव वाचवण्याच्या ठरावात उपसूचना पडली म्हणून हात खाली ठेवू नये. उपसूचनेसाठी भांडावे, ती पडली तर आपली हरकत नोंदवावी, आणि मूळ ठरावाला मत द्यावे. आपल्या साध्या सभांतही हाच रिवाज आहे.